हार्डवेअर सिंथेसायझर आधी घ्यावा का?

स. न. वि. वि.

शालेय शिक्षण नुकतेच पूर्ण केलेल्या आपल्या मुलीला संगीतनिर्मिती आणि साउंड डिझाइन या क्षेत्रात करिअर करायचे आहे, त्यासाठी ती हार्डवेअर सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर ध्वनी घडवणाऱ्या स्वतंत्र वाद्याचा, आग्रह धरते आहे, आणि घरात चांगला लॅपटॉप असताना हा मोठा खर्च आवश्यक आहे का, असे आपण पत्रात विचारले आहे. माझ्या मते पहिले वर्षभर तिने सॉफ्टवेअर वाद्यांवरच, म्हणजे लॅपटॉपवर चालणाऱ्या वाद्यांवरच, काम करावे. तिचा आग्रह मात्र केवळ हौस समजून बाजूला सारू नका.

१९७० मध्ये आलेल्या मिनीमूग या सिंथेसायझरच्या पॅनेलवर जवळपास प्रत्येक क्रियेसाठी स्वतंत्र नॉब होता, त्यामुळे ऑसिलेटरमधून (मूळ ध्वनी निर्माण करणाऱ्या भागातून) निघालेला आवाज फिल्टरमधून (त्यातील काही अंश गाळणाऱ्या भागातून) कसा जातो, हे हाताने आणि कानाने एकाच वेळी समजत असे. तिला हेच हवे असावे, आणि ती मागणी रास्त आहे. पण हार्डवेअर म्हटले की ही सोय असतेच, असे नाही. १९८३ चा यामाहा डीएक्स७ हेही हार्डवेअरच होते. तरी त्याच्या छोट्या पडद्यावर एकेक आकडा बदलत आवाज घडवणे इतके किचकट होते की पुष्कळ वादकांनी त्यातील तयार आवाजांवरच भागवले. म्हणजे शिकण्यासाठी नॉब महत्त्वाचे आहेत, आणि ते नॉबवाल्या मिडी कीबोर्डवरही, म्हणजे लॅपटॉपमधील वाद्य वाजवण्यासाठी जोडायच्या कीबोर्डवरही, मिळतात. ते सॉफ्टवेअरमधील फिल्टरला जोडता येतात.

व्यवसायाची बाजू मला याहून महत्त्वाची वाटते. चित्रपट, जाहिरात किंवा गेम यांच्या संगीतात पहिल्या खेपेला पसंत पडलेले काम शेवटपर्यंत तसेच राहिले, असे क्वचितच घडते. तीन आठवड्यांनी दिग्दर्शक म्हणतो की बेस थोडा मऊ हवा, आणि त्याच संध्याकाळी नवी फाइल पाठवावी लागते. सॉफ्टवेअर वाद्य वापरले असेल, तर प्रोजेक्ट उघडताच प्रत्येक सेटिंग जिथल्या तिथे सापडते. मूळ मिनीमूगला मेमरीच नव्हती. नॉबच्या जागा कागदावर लिहून ठेवायच्या, पुन्हा तशाच लावायच्या, सूर जुळवायचा आणि तो भाग नव्याने रेकॉर्ड करायचा, असा तो क्रम असे. आजच्या अनेक हार्डवेअर सिंथेसायझरमध्ये मेमरी असते, तरीही ध्वनी बदलला की पुन्हा रेकॉर्डिंग आलेच. मुदतीत काम देण्याची सवय ज्या साधनावर लागते, त्याच साधनावर नवशिक्याने आधी हात बसवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे दोन्ही सॉफ्टवेअर सिंथेसायझर विनामूल्य मिळतात. तिने त्यांतील एकच निवडावा आणि त्यातील तयार आवाज, म्हणजे प्रीसेट, काही काळ बंद ठेवावेत. एका ऑसिलेटरवर सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लहर) घ्यावी, लो-पास फिल्टरचा (उंच ध्वनी गाळणाऱ्या फिल्टरचा) कटऑफ, म्हणजे गाळण्याची मर्यादा, जवळजवळ पूर्ण खाली आणावा, एन्व्हलपला (वेळेनुसार बदल घडवणाऱ्या भागाला) तो क्षणभर वर उचलू द्यावा आणि मग फक्त डिके, म्हणजे तो पुन्हा खाली येण्याचा वेळ, कमी-जास्त करत ऐकावे; तोच स्वर आधी टोचल्यासारखा तुटक आणि नंतर लांबत जाणारा ऐकू येतो. हे ज्याला डोळे मिटून ओळखता येते, त्याला कोणतेही यंत्र परके राहत नाही. खर्च करायचाच, तर तो मिडी कीबोर्ड, ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमध्ये ध्वनी आत-बाहेर नेणारे उपकरण) आणि उत्तम हेडफोन यांवर करा. लॅपटॉप ध्वनीचे नमुने, म्हणजे सॅम्पल, थोडे साठवून मग ऐकवतो; या साठ्याला बफर म्हणतात. ४४,१०० हर्ट्झ सॅम्पल रेटवर (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल) १,०२४ सॅम्पलच्या बफरमुळेच सुमारे २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि तो वाजवताना बोटांना जाणवतो. २५६ सॅम्पलवर तो सहा मिलिसेकंदांच्या आत येतो. लॅपटॉपवर वाजवताना मजा येत नाही, अशी तिची तक्रार असेल, तर आधी हे सेटिंग तपासावे.

तिला गणित आवडते, असेही आपण लिहिले आहे, आणि ही बाब मला फार मोलाची वाटते. सॉफ्टवेअर वाद्ये तयार करणाऱ्यांना डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग (ध्वनीवर गणिताने प्रक्रिया करण्याचे शास्त्र) आणि सी++ ही प्रोग्रॅमिंगची भाषा यांचे ज्ञान लागते, तसेच संगीताचा कानही लागतो. पदवीसाठी विषय निवडताना हा मार्ग खुला ठेवावा.

वर्षभरानंतर, अमुक फिल्टरचा आवाज किंवा मंचावर लॅपटॉपविना वाजवण्याची सोय, असे नेमके कारण तिला सांगता आले, तर हार्डवेअर सिंथेसायझर जरूर घ्यावा. तेव्हा यादीतून मॉडेल न निवडता तिला प्रत्यक्ष तासभर वाजवू द्या आणि प्रीसेटला हात न लावता तिने त्यावर काय घडवले, ते स्वतः ऐका.