कारखान्यात ट्रॉली वाहणारा रोबो भाड्यानं घेताय? आधी एकच फेरी धरा

चार विभाग एकदम जोडायचा मोह टाळा. सुरुवातीला एकच फेरी, एकाच मापाची ट्रॉली. 'ने–ठेव' ही सेवा नीट बसली की रोबो दुसऱ्या लाइनवर हलवणं सोपं जातं. रोबोच्या कामाचा क्रम लाइनच्या पीएलसीत (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) कोरून टाकलात, तर तो तिथलाच होऊन बसतो.

करार करण्याआधी:
- टेप घेऊन वाट मोजा. आयएसओ ३६९१-४ (चालकाविना चालणाऱ्या वाहनांचं सुरक्षा मानक) प्रमाणे दोन्ही बाजूंना ०.५ मीटर मोकळी जागा लागते, नाहीतर वेग घटवा.
- रोबोच्या मार्गावर चालत वायफाय तपासा. एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना तुटलं, की रोबो मधेच उभा. दोष मात्र बॅटरीला!
- लेझर स्कॅनर जमिनीलगत एकाच पातळीत बघतो. टेबलाचे पाय दिसतात, त्या पातळीच्या वर बाहेर आलेला पत्रा दिसत नाही.

पैसे फेरीवर की तासावर, हे लेखी घ्या. ट्रॉली उतरवायला माणूस नसला तर रोबो ताटकळतो. तो वेळ कोणाच्या खात्यात? भांडणं इथेच होतात. रोबो ज्यावर चालतो तो तुमच्या जागेचा नकाशा कोणाच्या मालकीचा, तेही विचारा.

व्हीडीए ५०५० (रोबो आणि ताफा चालवणारी यंत्रणा यांच्यातल्या संवादाचं मानक), वेगवेगळ्या कंपन्यांच्या रोबोंचा मिश्र ताफा वगैरे दुसरा रोबो आल्यावर बघू.