शेजाऱ्यांनी मोटार घेतली म्हणून

प्रश्न : मी सोलापुरातील एका टॉवेल कारखान्यात हिशेबनीस आहे आणि जुळे सोलापुरात राहतो. आमच्या शेजाऱ्यांनी दिवाळीत मोटार घेतली, पाठोपाठ घराला बाहेरून नवा रंग दिला. तोवर आम्हाला दुचाकी पुरत होती. आता घरात रोज मोटारीचा विषय निघतो आणि मलाही कमीपणा वाटतो. हप्ते सुरू केले, तर मुलीच्या शिक्षणासाठीची बचत थांबवावी लागेल. हा मत्सर आहे का? मी काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मत्सरी म्हणून स्वतःला दोष देऊ नका. स्वतःला जोखायला नेमके माप नसते, तेव्हा माणूस आपल्यासारख्याच माणसांकडे पाहतो, असे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडले. म्हणूनच कारखान्याच्या मालकांची गाडी आपल्याला बोचत नाही, पण बरोबरीच्या शेजाऱ्यांची बोचते.

नेदरलँड्समध्ये पोस्टाच्या पिनकोडवर सोडत निघणारी एक लॉटरी आहे. तिच्या विजेत्यांच्या शेजाऱ्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा स्वतःला काहीही न लागलेल्या शेजाऱ्यांमध्येही मोटार घेण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले. शेजाऱ्यांवरचा हा परिणाम मुख्यतः मोटारी आणि घराच्या बाहेरच्या कामांपुरताच होता. म्हणजे रस्त्यावरून दिसते, त्याचीच ओढ लागते. शेजाऱ्यांवर कर्ज असेल तर ते आपल्याला दिसत नाही, तशी आपल्या मुलीसाठीची शिल्लकही कोणाला दिसत नाही. मला खरी काळजी वाटते ती याची, की हिशेबात मुरलेले आपणही ती शिल्लक स्वतःच्या जमेस धरेनासे झाला आहात.

घरच्यांची मागणी मात्र केवळ हौस समजून उडवून लावू नका. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात मुलाबाळांसह दुचाकीवरून जाणे खरोखरच हालाचे असते. पत्नीशी निवांत बसून बोला आणि शेजाऱ्यांची मोटार आली नसती तरी ही गरज भासली असती का, हे दोघांनी ठरवा. उत्तर होकारार्थी आले, तर मुलीच्या रकमेला हात न लावता हप्ता, पेट्रोल आणि विमा यांच्याइतके पैसे सहा महिने वेगळ्या खात्यात टाकून पाहा. ओढाताण न होता तेवढे जमले, तर जुनी पण चांगल्या स्थितीतली मोटार पाहायला हरकत नाही. जमले नाही, तर साठलेले पैसे मुलीच्या खात्यात वळते करा आणि तो निर्णय मुलांनाही आकड्यांसह समजावून सांगा.