वाचक विचारतात : संगणकावरचा बोरघाट

या महिन्याची बरीचशी पत्रे संगणकावर आगगाडी चालवण्याच्या ‘ओपन रेल्स’ या खेळाबद्दल आहेत. २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरमध्ये सहा मार्ग होते, त्यांत भारतातला एकही नव्हता. पुढे हौशी मंडळींनी भारतीय मार्ग, इंजिने आणि डबे तयार केले. तेच सामान ओपन रेल्स हा मोफत प्रोग्राम चालवतो. फाइली अनेक हातांनी लिहिलेल्या असल्यामुळे आकड्यांचे घोळही भरपूर.

प्रश्न (चिंचवड) : कर्जतहून लोणावळ्याला मी डब्ल्यूएपी-७ हे एकच इंजिन लावून २२ एलएचबी डबे नेतो. घाटात वेग ताशी ४५ किलोमीटरच्या खाली येत नाही. मग प्रत्यक्षात कर्जतला मागून बँकर (गाडी ढकलणारी जादा इंजिने) कशाला लावतात?

उत्तर : तुमच्या इंजिनाला कोणीतरी खोटे बळ दिले आहे, नाहीतर घाट सपाट केला आहे. बोरघाटाचा चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. हिशेब कागदावर मांडा. डबे माणसांसकट साधारण १,१०० टन, इंजिन १२३ टन, मिळून १,२२३. याला ९.८१ने गुणून ३७ने भागले की ३२४ किलोन्यूटन येतात. नुसते घसरू न देण्यासाठीच एवढी ओढ हवी. डब्ल्यूएपी-७ची सुरुवातीची कमाल ओढ आहे ३२२.६. चाकांचे घर्षण आणि वळणे अजून धरलेलीच नाहीत. घाटात सिग्नलला उभी राहिलेली ही गाडी एका इंजिनावर हलणारच नाही.

आता चूक कुठे आहे ते शोधा. घाटात एफ-४ दाबा. ट्रॅक मॉनिटरमध्ये चढ टक्क्यांत दिसतो, तो तीव्र टप्प्यात २.७च्या आसपास असायला हवा. दीड-पावणेदोन दिसला तर मार्ग बनवणाऱ्याने हात आखडता घेतला आहे, त्याला इलाज नाही. चढ बरोबर असेल तर इंजिनाची डॉट-ईएनजी फाइल उघडून ‘मॅक्स फोर्स’ (कमाल ओढ) बघा. ५०० किंवा ६०० लिहिलेले असेल तर ३२२.६ करा. डब्यांच्या डॉट-डब्ल्यूएजी फाइलींत ‘मास’ म्हणजे वजनही तपासा, रिकाम्या डब्याचेच वजन टाकलेले पुष्कळदा सापडते.

बँकर लावायची सोपी पद्धत म्हणजे गाडीच्या डॉट-कॉन फाइलमध्ये (तीत इंजिन-डब्यांची यादी असते) शेवटच्या डब्यामागे डब्ल्यूएजी-७ ही मालगाडीची दोन इंजिने जोडून कर्जतहूनच सुरुवात करणे. एकेकाची ओढ सुमारे ४११ किलोन्यूटन. मागची इंजिने पुढच्या इंजिनाचा थ्रॉटल (ओढ कमी-जास्त करणारा दांडा) आपोआप पाळतात, म्हणून थ्रॉटल एकेक पायरीनेच वाढवा, नाहीतर मागून धक्का बसतो. उभ्या गाडीला चढावर हलवताना आधी इंजिनाचा ब्रेक लावून ठेवा, मग गाडीचा ब्रेक सोडा, थ्रॉटल थोडा उघडा आणि शेवटी इंजिनाचा ब्रेक ढिला करा. हवामान पावसाळी ठेवले असेल तर घाटातल्या मंकी हिलच्या आसपास चाके घसरतील. तिथे एक्स दाबून वाळू सोडा, थ्रॉटल मात्र वाढवू नका. लोणावळ्याला एफ-९च्या खिडकीतून बँकर सोडवता येतात.

(जाता जाता : घाट चढणारी पुण्याकडची गाडी ‘डाऊन’ आणि उतरणारी ‘अप’. मुंबईकडे जाते ती अप, एवढाच नियम. नवे खेळाडू इथे हमखास उलट मार्ग निवडतात.)

प्रश्न (घोरपडी) : लोणावळ्याहून उतरताना ब्रेक थोडा सोडला की पूर्णच सुटतो आणि गाडी पळत सुटते. तीन-चार वेळा लावला की ब्रेक धरतच नाही.

उत्तर : तुमच्या डब्यांना अमेरिकन मालगाडीचा ब्रेक बसवलेला आहे. तिकडच्या ट्रिपल व्हॉल्व्हला ‘थोडा सोडा’ कळत नाही. गाडीभर जाणाऱ्या हवेच्या नळीतला दाब उतरला की ब्रेक लागतो; तो दाब जरा वाढला की हा व्हॉल्व्ह सगळा ब्रेक सोडतो. आपल्याकडच्या डब्यांत त्याच्या जागी डिस्ट्रिब्यूटर नावाचा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे ब्रेक टप्प्याटप्प्याने सोडता येतो. शिवाय आपल्या प्रवासी गाड्यांना दोन नळ्या असतात, ब्रेक पाइपमध्ये ५ आणि फीड पाइपमध्ये ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब. फीड पाइपमुळे डब्याखालची टाकी भरलेली राहते. एकाच नळीची गाडी पुन्हापुन्हा ब्रेक लावला की टाकी रिकामी करून बसते, आणि तुम्ही लिहिलेला शेवटचा प्रकार घडतो.

दुरुस्ती अशी. आधी फाइलींच्या प्रती काढून ठेवा. प्रत्येक डब्याच्या फाइलमध्ये ‘ब्रेक सिस्टिम टाइप’समोर एअर सिंगल पाइप असेल तर एअर ट्विन पाइप करा आणि ‘ब्रेक इक्विपमेंट टाइप’मध्ये ट्रिपल व्हॉल्व्हच्या जागी डिस्ट्रिब्यूटर लिहा. डबे कितीही असले तरी एकाच जातीच्या डब्यांना एकच फाइल असते, त्यामुळे काम पाच-सहा फाइलींत आटोपते. इंजिनाच्या फाइलमध्ये गाडीच्या ब्रेकचा कमाल दाब पाहा. तिथे पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) हे एकक चालते आणि ९० हा अमेरिकन आकडा जसाच्या तसा राहिलेला असतो. ५ किलो म्हणजे ७१. फाइल नोटपॅडमधून जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-१६ ठेवा, नाहीतर जुना सिम्युलेटर ती वाचत नाही.

चालवताना ब्रेक पाइपचा दाब ५वरून ४.५वर आणा आणि गाडीने ब्रेक पकडेपर्यंत थांबा. लांब गाडीत शेवटच्या डब्यापर्यंत परिणाम पोचायला काही सेकंद जातात. ३.५ला पूर्ण ब्रेक लागतो, त्याखाली जाऊन आणखी काही मिळत नाही. इंजिनाचा रिजनरेटिव्ह ब्रेक (मोटरींनीच वेग रोखणारा) जोडीला घ्या, पण या उतारावर तो एकटा पुरत नाही. घाटातल्या कॅच साइडिंगपाशी (ब्रेक न धरणारी गाडी अडवण्यासाठीचा बाजूचा रूळ) गाडी पूर्ण थांबवायची असते. तिथला सांधा मुळात साइडिंगकडेच लावलेला असतो, गाडी थांबली की मग मुख्य मार्गाकडे वळतो.

प्रश्न (कोथरूड) : नवे डबे इंटरनेटवरून उतरवले, पण गाडीत निम्मेच दिसतात.

उत्तर : बहुधा फोल्डरात फोल्डर झाले आहे. झिप उघडताना डब्यांच्या ‘ट्रेनसेट’ फोल्डरमध्ये एका नावाचे फोल्डर बनते आणि त्याच्या आत पुन्हा त्याच नावाचे. आतले एक पायरी वर आणा. तरी जमले नाही तर डेस्कटॉपवरची ओपन रेल्सची लॉग फाइल बघा. न सापडलेल्या प्रत्येक डब्याचे नाव तीत असते. ते डॉट-कॉनमधल्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडा. एखादी मोकळी जागा जास्त असली तरी डबा गायब.

प्रश्न (खडकी) : होम सिग्नल (स्टेशनात शिरण्याआधीचा) पिवळा असताना किती वेगाने जायचे?

उत्तर : पिवळ्याला ठरावीक वेग नाही. पुढचा सिग्नल लाल आहे असे समजून त्याच्या आत थांबता येईल एवढाच वेग ठेवा. पिवळ्याच्या वर तिरकी पांढऱ्या दिव्यांची रांगही पेटली असेल तर तुम्हाला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतले जात आहे. १:१२च्या सांध्यावर (हा वळणाचा कोन, चढ नव्हे) तेव्हा ३० किलोमीटरच्या वर जाऊ नका, आणि शेवटचा डबा सांध्यावरून उतरेपर्यंत वेग वाढवू नका. काही मार्गांवर पांढरे दिवे बनवलेलेच नाहीत. तिथे एफ-४मध्ये पुढच्या वेगमर्यादेवर नजर ठेवा.