कापलेल्या सोयाबीनवर पाऊस, मग विमा कशाला?

प्रश्न : देपालपूरजवळ आमचं दहा बिघे रान आहे. दीर शेती बघतात, आम्ही इंदुरात राहतो. मागच्या वर्षी कापून ठेवलेल्या सोयाबीनवर पाऊस आला, निम्मा माल काळा पडला. बँकेनं किसान क्रेडिट कार्डाच्या खात्यातून पीक विम्याचा हप्ता कापला होता, पण हाती छदाम आला नाही. यंदा विमा बंदच करावा म्हणते. काका, तुमचं काय मत?
– एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : ताई, बंद करायचा तर करा. 2020 च्या खरिपापासून कर्जदारांनाही विमा ऐच्छिक आहे. विमा उतरवायची मुदत संपायच्या सात दिवस आधी बँकेला लेखी द्यायचं, झालं. पण माझं ऐकाल तर राहू द्या. सोयाबीनला विमा रकमेच्या फार तर 2 टक्के आपण भरतो, बाकीचा भार सरकारवर.

आता भाऊजींना दोन गोष्टी विचारा. माल रानात पसरलेला होता की गंजी लावली होती? कापणीनंतर 14 दिवसांपर्यंत अवकाळी पावसाचं नुकसान विम्यात बसतं, पण वाळायला पसरलेल्या किंवा लहान पेंढ्या बांधून ठेवलेल्या पिकाचंच. मोठी गंजी रचली की ते संरक्षण गेलं. दुसरं, 72 तासांच्या आत विमा कंपनीला कळवलं का? 14447 वर फोन करून तक्रारीचा नंबर घ्यावा लागतो. ‘पटवारी (तलाठी) येऊन बघून गेले की’ असं उत्तर मला नेहमी मिळतं. अहो, ती राजस्व म्हणजे महसूल खात्याची मदत, त्यांच्या 6-4 नंबरच्या परिपत्रकाची. तिचा विम्याशी संबंध नाही.

उत्पादन घटल्याचा दावा वेगळा. तो अख्ख्या पटवारी हलक्याच्या, म्हणजे एका पटवाऱ्याकडच्या सगळ्या रानाच्या, सरासरी उत्पादनावर ठरतो. हलक्यात बरं पिकलं आणि तुमचंच बुडालं, तर तिथून काही येत नाही. ते पेरणीतच सांभाळावं लागतं.

दहाही बिघ्यांत सोयाबीनचा 9560 हाच वाण असणार, आपल्याकडे सगळ्यांचं तसंच. ते 80-85 दिवसांत तयार होतं, म्हणजे जूनअखेर पेरलं की सप्टेंबरात कापणी, आणि तेव्हा माळव्यातून पाऊस गेलेला नसतो. तीन-चार बिघ्यांत उशिरा येणारा वाण टाका, म्हणजे सगळं रान एकाच आठवड्यात आडवं पडणार नाही. दोन बिघ्यांत चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. कडक थंडीत तूर करपते कधीकधी, तरी सोयाबीन गेलं त्या वर्षी तीच हाताशी असते.

आणि तो भिजलेला माल घरचं बी म्हणून ठेवला असेल, तर आधी तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, ओल सुकू देऊ नका. पाच-सहा दिवसांनी उलगडून मोजा. सत्तर धड उगवले तर पेरा. साठ-पासष्ट असतील तर एकरी बी वाढवा. त्याखाली असेल तर सरळ छावणी मंडीत घाला. चार इंच पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नका, शेजाऱ्यानं काढली तरी.

बँकेत गेलात की हप्ता कापल्याची नोंद बघून परत येऊ नका. विम्याची पावती मागा, तीवर खसरा नंबर (रानाचा गट नंबर) आणि पीक वाचा. रानात सोयाबीन आणि कागदावर मका, असे लोक मी पाहिलेत.