प्लेअरसाठी हेडफोन घेताना

खोक्यावरच्या 'एक्स्ट्रा बास'ला भुलू नकोस, आधी ओहमचा आकडा, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा, बघ. छोट्या प्लेअरला १६ ते ३२ ओहम सहज झेपतात. २५० ओहमचे स्टुडिओवाले लावलेस तर आवाज पूर्ण वाढवूनही गाणं मरगळलेलंच वाटेल.

तू रोज सिडकोहून सातपूरला बसने जातोस, म्हणजे कानात घट्ट बसणारे इअरफोनच घे. सोबतच्या रबरी टोप्या सगळ्या मापांच्या लावून बघ. नीट बसली की गोंगाट दबतो, डग्गा भरून ऐकू येतो. सैल राहिली तर तोच डग्गा डबा बडवल्यासारखा वाजतो. माझ्या तर दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागतं.

वायर बदलता येणारी असली तर फारच छान, ती बहुतेकदा पिनेजवळच तुटते. खरेदीला एम. जी. रोडला जाताना स्वतःचा प्लेअर खिशात ने आणि ओळखीचं गाणं ऐकूनच पैसे दे.