दोन फिल्टरांच्या कचाट्यात सापडलेला प्रकाश

प्रश्न : टीव्हीच्या रिमोटच्या टोकावरचा दिवा डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट चमकतो. कॅमेऱ्याला अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश एवढा सहज दिसत असेल, तर लेन्सवर ७२० नॅनोमीटरचा अवरक्त फिल्टर लावल्यावर भर उन्हातही २० सेकंदांचे एक्स्पोजर का द्यावे लागते? शिवाय चित्र नुसते लाल का येते?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, घोटाळा ‘अवरक्त फिल्टर’ या नावाने केला आहे. हा फिल्टर कॅमेऱ्याला नवी दृष्टी देत नाही, तो फक्त दृश्य प्रकाश अडवतो. अवरक्त टिपण्याची क्षमता सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) सिलिकॉनमध्ये मुळातच असते. माणसाची नजर साधारण ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास संपते, तर सिलिकॉन सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंत प्रतिसाद देते. हा जादा प्रकाश चित्रात मिसळला की रंग बिघडतात आणि लेन्स अवरक्त किरणांना किंचित वेगळ्या अंतरावर एकवटत असल्याने रेखीवपणाही घटतो, म्हणून उत्पादक सेन्सरच्या पुढ्यातच अवरक्त अडवणारा दुसरा फिल्टर बसवतात. लायकाच्या २००६ सालच्या एम८ कॅमेऱ्यात तो पुरेसा प्रभावी नव्हता, तेव्हा कृत्रिम धाग्यांचे काळे कपडे छायाचित्रात किरमिजी दिसू लागले आणि कंपनीला ग्राहकांना लेन्सवर लावण्याचे फिल्टर पुरवावे लागले.

आपल्या कॅमेऱ्यात बाहेरचा फिल्टर दृश्य प्रकाश अडवतो आणि आतला बहुतेक सगळा अवरक्त. या दोघांच्या तावडीतून निसटणारा अंधूक झोत साठवायलाच २० सेकंद लागतात. रिमोटचा दिवा मात्र थेट लेन्सवर रोखलेला असतो, त्यामुळे त्याचा थोडा अंश आत शिरला तरी पुरतो.

लाल रंगाचे कारण सेन्सरवरील सूक्ष्म रंगीत गाळण्यांत आहे. ७२० नॅनोमीटरच्या जवळपास लाल गाळणीतूनच सर्वाधिक प्रकाश जातो. ८५० च्या सुमारास मात्र तिन्ही गाळण्या जवळजवळ सारख्याच पारदर्शक होतात आणि चित्र कृष्णधवल भासते. उन्हातल्या गवतावर व्हाइट बॅलन्स (पांढरे कशाला मानायचे, ही कॅमेऱ्यातली सोय) ठरवून पाहावा, लाली बरीच उतरेल. त्या चित्रात पाने पांढरीशुभ्र दिसतील, ती गरम असल्यामुळे नव्हे (हा गैरसमज फार चिवट आहे), तर हरितद्रव्य जवळचा अवरक्त प्रकाश शोषत नाही आणि पानातील पेशी व हवेच्या पोकळ्या तो परत उधळतात म्हणून. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी अशी छायाचित्रे १९१० मध्येच प्रसिद्ध केली होती. शरीराची उष्णता मुख्यतः १०,००० नॅनोमीटरच्या आसपास उत्सर्जित होते आणि ती सिलिकॉनला दिसतच नाही.

एक्स्पोजर खरोखर कमी करायचे असेल, तर जाणकार तंत्रज्ञाकडून आतला फिल्टर काढून घ्यावा लागेल. मात्र त्यानंतर त्या कॅमेऱ्याला नेहमीचे रंग जमणार नाहीत. सुरक्षा कॅमेऱ्यांनी यावर सुटसुटीत तोड काढली आहे : त्यांतील एक छोटी यंत्रणा अंधार पडताच तो फिल्टर बाजूला सरकवते आणि उजाडल्यावर पुन्हा जागेवर आणते.