सोबत मित्रांची, कागद ज्याचे त्याचे

परदेशातल्या लांबच्या सहलीबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच या अंकात घेतली आहेत. बहुतेकांचा रोख युरोपकडे आहे, त्यामुळे उत्तरंही तिकडचीच जास्त आहेत.

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातले सहा मित्र, सगळे केळी-कापूसवाले. एप्रिलमध्ये २४ रात्रींसाठी फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि इटलीला जायचं आहे. चौघांनी आजवर आयकराचं रिटर्न भरलेलं नाही, कारण उत्पन्न फक्त शेतीचं. सहा जणांचा मिळून एक अर्ज करता येतो का? आणि रिटर्न नसल्यामुळे व्हिसा अडतो का?

सहा जणांचा मिळून एक अर्ज होत नाही. अपॉइंटमेंट एका दिवशी घेता येते, पण फाइली सहा, फी सहा आणि निर्णयही सहा. पाच जणांना व्हिसा मिळाला आणि सहावा राहिला, असं होऊ शकतं. तसं झालं तर बाकीचे जाणार की सगळेच थांबणार, हे पैसे भरण्याआधी बसून ठरवा. नंतर हा विषय निघाला की मैत्रीत कडवटपणा येतो. व्हिसाच्या अर्जाला विमानाचं आणि हॉटेलचं आरक्षण लागतं. पैसे परत न मिळणारं तिकीट लागत नाही. सहाही पासपोर्ट हातात येईपर्यंत तसं तिकीट काढूच नका.

चारही देश शेंगेन या युरोपीय देशांच्या गटात येतात, त्यामुळे व्हिसा एकच. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा ते रात्री मोजून ठरतं. समजा फ्रान्स ७, स्वित्झर्लंड ५, ऑस्ट्रिया ४ आणि इटली ८ रात्री, तर अर्ज इटलीकडे, विमान पॅरिसला उतरत असलं तरी. दोन देशांच्या रात्री सारख्या असतील आणि त्याच सर्वांत जास्त असतील, तर त्या दोघांपैकी आधी पाय ठेवाल त्या देशाकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिसऱ्याच देशाकडे अर्ज टाकू नका. हॉटेलांची आरक्षणं एक सांगतात आणि अर्ज दुसरं, हे टेबलावरच्या माणसाला लगेच दिसतं.

अर्ज निघण्याच्या ६ महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत १५ दिवस आधीची. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण शंका आली तर ४५ दिवसही जातात. एप्रिल-मेला अर्जांची गर्दी असते. जानेवारीतच फाइल द्या. मोठ्या माणसाची फी ९० युरो, त्यावर व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला हवा, शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत.

आता रिटर्नचं. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, तेव्हा रिटर्न नसणं हा दोष नाही. पण उत्पन्न दुसऱ्या कागदांनी दिसलं पाहिजे. प्रत्येकानं स्वतःच्या नावाचा डिजिटल सहीचा सातबारा आणि ८अ काढावा, त्यांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडावं. सोबत केळीच्या काटापट्ट्या, कापसाच्या हिशेबपट्ट्या आणि बँकेचा शिक्का असलेला ६ महिन्यांचा खातेउतारा. उताऱ्यात जिथं केळीचे पैसे जमा झालेत तिथं पेन्सिलनं १, २, ३ असे आकडे टाका आणि तेच आकडे त्या त्या पट्टीवर टाका. आपल्याकडे पैसा पगारासारखा दर महिन्याला येत नाही, एकदम येतो. पट्टी शेजारी नसेल तर ती रक्कम उसनी आणून टाकल्यासारखी दिसते. खरोखर उसनी आणून खातं फुगवायचं तर मुळीच मनात आणू नका. उतारा मार्चअखेरीनंतर काढला तर पीककर्ज भरल्यामुळे खातं रिकामं दिसतं, हेही जानेवारीत अर्ज करण्याचं एक कारण. सोबतच्या पत्रात दोन गोष्टी स्पष्ट लिहा: उत्पन्न शेतीचं आणि करमुक्त आहे, आणि तुम्ही नसताना बागेचं पाणी-खत कोण बघणार आहे. परत येण्याचं कारण शेतकऱ्याजवळ पक्कं असतं. ते कागदावर आलं पाहिजे.

बोटांचे ठसे द्यायला ज्याला त्याला स्वतः जावं लागतं आणि त्यासाठी मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर बहुधा पुन्हा द्यावे लागत नाहीत. केळीच्या चिकानं आणि कामानं राठ झालेली बोटं मशीन नीट वाचत नाही. आठवडाभर हातमोजे घालून काम करा, रात्री खोबरेल चोळा. अपॉइंटमेंटच्या सकाळी मात्र हात कोरडे आणि स्वच्छ ठेवा. १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमेवरही ठसे आणि फोटो घेऊन नोंद सुरू झाली आहे. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याची मर्यादा आता यंत्रच मोजतं.

प्रश्न : आम्ही भुसावळचे सहा निवृत्त सहकारी. एकानं सगळ्यांचे पैसे गोळा करून त्याच्याच खात्यातून खर्च करायचा, असं चाललं आहे. हिशेब सोपा होईल ना?

आपसातला हिशेब सोपा होईल, पण कराचा अवघड होईल. परदेशात पाठवलेला पैसा ज्याच्या खात्यातून जातो त्याच्या पॅनवर मोजला जातो. माणशी अडीच लाख धरले तर सहा जणांचे १५ लाख. एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कापून घेतलेला कर, घेते. म्हणजे ५ लाखांवर १ लाख रुपये, आणि तेही खजिनदाराच्या खिशातून. रिटर्न भरल्यावर ते त्याला वळते होतात हे खरं, पण तोवर पैसे अडकून राहतात आणि ही रक्कम कुठून आली याचा खुलासाही त्यालाच करावा लागतो. हेच पैसे सहा जणांनी आपापल्या खात्यातून आपापल्या फॉरेक्स कार्डावर (परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) भरले तर कोणीच मर्यादेच्या जवळ जात नाही. टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर टीसीएस पहिल्या रुपयापासून लागतो; तिथंही पावती ज्याच्या त्याच्या नावाची आणि पॅनची घ्या.

सामायिक खर्चाला रोख डबा ठेवा. सुरुवातीला माणशी १०० युरो, संपत आले की पुन्हा सारखीच भर. डब्यातून काय जाणार ते आधी लिहून घ्या: राहणं, गावातला प्रवास, किराणा. कॉफी, खरेदी, दारू ज्याची त्यानं. मांसाहारी आणि शाकाहारी एकत्र असतील तर बाहेरच्या जेवणाचं बिल डब्यातून देऊ नका. भांडणं मोठ्या खर्चावरून क्वचित होतात. १२ युरोच्या बिअरवरून हमखास होतात. हिशेब रोज रात्री झोपण्याआधी, सगळे समोर असताना वहीत लिहा. तो शेवटपर्यंत युरोतच ठेवा आणि घरी आल्यावर एकच दर लावून रुपयांत मिटवा. मधल्या मधल्या दिवसांचे वेगवेगळे दर लावत बसलात तर मेळ बसत नाही.

डेबिट आणि क्रेडिट कार्डावर परदेशातला व्यवहार मुळात बंद असतो, निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून चालू करा. दुकानातलं यंत्र ‘रुपयांत की युरोत?’ असं विचारतं. नेहमी युरो निवडा. रुपये निवडलेत की दर दुकानाच्या बाजूची बँक लावते आणि तो महाग पडतो. आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी २०२४पासून यूपीआयची सोय झाली, पण त्यावर विसंबून कोणी निघू नये. ओटीपीसाठी जुनं सिम रोमिंगसह फोनमध्ये चालू ठेवा. इंटरनेटसाठी ई-सिम वेगळं घ्या.

प्रश्न : धुळ्याहून विचारतोय. दुबईमार्गे युरोपला जाणार आहोत. खान्देशी मसाला, पापड, बिबडी, शेंगदाण्याची चटणी आणि थोडी केळीही न्यायची आहेत. काय चालेल?

सगळ्यात आधी मसाल्यातली खसखस बघा. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. सिंगापूरमध्येही तेच. कुटून मसाल्यात मिसळली म्हणून ती सुटत नाही. विमान नुसतं बदलायचं असलं तरी धोका घेऊ नका. विमान चुकलं किंवा रद्द झालं तर सामान घेऊन बाहेर पडावं लागतं. घरचा तयार मसाला उचलण्याऐवजी सहलीपुरता पाव किलो खसखस न घालता वेगळा कुटा. चवीत फार फरक पडत नाही, दाटपणा थोडा कमी येतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही घेऊ नका. खोबऱ्यात तेल फार असल्यानं ते पेट घेणारं मानतात आणि विमानतळावर काढून घेतात.

युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याची मिठाई घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्या न्यायच्या तर रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, म्हणून भरताची वांगी, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, कोथिंबीर बाद. पण या नियमातून पाच फळं वगळली आहेत: केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे आपली केळी चालतात! सामानात ती चेंगरतात, तेव्हा घ्यायचीच तर कच्चट घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. ही सवलत युरोपीय संघापुरती आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला यातलं काही गृहीत धरू नका. तिथं प्रत्येक खाद्यपदार्थ फॉर्मवर लिहावा लागतो, लपवला तर दंड मोठा.

पापड, बिबडी, भाजणी, मेतकूट, कळण्याचं पीठ निर्धास्त घ्या. तिखट, मसाला आणि तेलकट लोणचं मात्र चेक-इन बॅगेतच. चटणी कोरडी करा, ओल्या लसणाची चटणी दबली की तेल सोडते. पुड्यांवर आत काय आहे ते इंग्रजीत लिहा. पिठाची पांढरी, नाव नसलेली पुडी तुमचा अर्धा तास खाईल.

हॉटेलच्या खोलीत फोडणी देऊ नका. मिरचीच्या धुरानं आगीची घंटा वाजते आणि बिल तुमच्या नावावर येतं. रांधून खायचं असेल तर स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घ्या आणि फोडणीच्या वेळी खिडकी उघडा. बिबडी भाजायला गॅस मिळेलच असं नाही, तिकडे बहुतेक ठिकाणी विजेच्या शेगड्या असतात. म्हणून बिबडी घरूनच तळून किंवा भाजून डब्यात भरा.

प्रश्न : अमळनेरच्या आम्ही चार मैत्रिणी, वय ५५ ते ६३. दोघींना साखर, एकीला बीपी. विमा आणि औषधं कशी घ्यावीत? एकीकडेच सगळ्यांची औषधं ठेवली तर चालेल का?

नाही, एकीकडे ठेवू नका. औषध ज्या बाईच्या बॅगेत, तिच्याच नावाची चिठ्ठी हवी. डॉक्टरांकडून इंग्रजीत, औषधाच्या मूळ रासायनिक नावासह लिहून घ्या, कारण आपल्याकडचं कंपनीचं नाव तिकडच्या फार्मसीत कळत नाही. गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरू नका. सहलीचे दिवस अधिक १० दिवस एवढा साठा घ्या. सगळा साठा हातातल्या बॅगेत ठेवा. बॅगा हरवतात त्या चेक-इनच्या. इन्सुलिन तर चेक-इनमध्ये ठेवायचंच नाही, विमानाच्या पोटात थंडीनं ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल अमिरातीत परवानगीशिवाय नेता येत नाही. गरज नसेल तर ती घरीच ठेवा.

उन्हाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो. सकाळी ८ची गोळी तिथल्या पहाटे साडेचारला येते. बीपीची गोळी थोडी पुढे ढकलायला बहुतेकदा हरकत नसते, पण इन्सुलिनची वेळ आणि मात्रा निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

शेंगेनला किमान ३०,००० युरोचा विमा सक्तीचा आहे. पण व्हिसापुरता स्वस्त विमा आणि उपयोगी पडणारा विमा यांत फरक आहे. साखर आणि बीपी अर्जात लिहा. ‘हो-नाही’च्या रकान्यात एजंटाला परस्पर ‘नाही’ लिहू देऊ नका, दावा तिथंच फेटाळला जातो. आधीपासूनच्या आजारासाठी किती रक्कम आणि कुठल्या प्रसंगी मिळते, ते पॉलिसीत वाचून घ्या. पुष्कळदा ती फक्त जिवावरच्या प्रसंगापुरती असते. प्रत्येकीच्या फोनमध्ये चौघींचे पॉलिसी क्रमांक आणि विमा कंपनीचा फोन ठेवा. जी आजारी पडते तिलाच फोन करता येत नाही. एक जण दवाखान्यात राहिली तर तिच्याजवळ कोण थांबणार, हे घरूनच ठरवून निघा.

प्रश्न : नंदुरबारहून मुंबईला येऊन रात्री ००:४५चं विमान आहे, तारीख १५. किती आधी निघावं?

१४ तारखेला. चूक इथंच होते: १५ तारखेचं ००:४५ म्हणजे १४च्या मध्यरात्रीनंतरचा पाऊण तास. १५च्या संध्याकाळी पोहोचलात तर विमान जाऊन दिवस उलटत आलेला असेल.

विमानतळावर रात्री ९ला असायला हवं. त्यामुळे गाडी मुंबईत दुपारी ४-५पर्यंत येणारी धरा, म्हणजे दोन-तीन तास उशीर पोटात घेता येतो. सुरतमार्गे येत असाल तर बोरिवलीला उतरा, तिथून टर्मिनल २ जवळ पडतं. जळगाव-भुसावळकडून येणाऱ्यांनी कल्याण किंवा ठाण्याला उतरून टॅक्सी करावी. धुळ्याहून गाडीनं येणाऱ्यांनी पावसाळ्यात कसारा घाटासाठी दोन तास जादा ठेवावेत. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळीच काढा आणि सगळ्यांची जागा एकाच गाडीत घ्या. येताना विमान उतरल्यापासून रेल्वे सुटेपर्यंत किमान ६ तास सोडा.

विमानाच्या तिकिटावरचं नाव पासपोर्टातल्या दोन्ही रकान्यांशी, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आडनावाचा रकाना रिकामा असलेला, एकाच शब्दाचं नाव असलेला पासपोर्ट अमिरातीत पर्यटक व्हिसाला चालत नाही. तसा असेल तर पासपोर्ट दुरुस्तीला दोन महिने हाताशी ठेवून आत्ताच अर्ज करा.